रेल्वे आली, माल कधी चढणार?

शेतकरी बंधूंनो, 261 किलोमीटरचा अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. पुढे निम्मा खर्च राज्याने उचलायचे ठरले. तरी 'आधी तुमचा वाटा टाका' यात वर्षं गेली. साडेतीनशे कोटींचं काम 4,805 कोटींवर गेलं. 17 सप्टेंबर 2025 ला गाडी बीडला पोचली; परळीपर्यंतचा टप्पा तेव्हाही बाकीच होता.

श्रेयाचा वाद पुढाऱ्यांना घालू द्या. आपला कांदा-कापूस ट्रकनंच जाणार असेल, तर नुसत्या शिट्टीनं पोट भरत नाही. सरपंच मंडळींनी ग्रामसभेत ठराव घ्यावा: मालधक्का, तिथवर पक्का रस्ता, खताचा रेक बीडला उतरवण्याची सोय आणि परळीच्या कामाला मुदत. नक्कल आमदार-खासदारांना द्या. पोच मात्र घ्यायला विसरू नका.