मलमपट्टीनंतर तिने जायचे कुठे?

महापालिकेच्या रुग्णालयातला अपघात विभाग. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. डोळ्याखाली काळानिळा डाग, मनगट सुजलेले अशी एक बाई केसपेपर हातात धरून उभी असते. ‘बाथरूममध्ये पाय घसरला,’ असे ती सांगते. शेजारी उभा असलेला नवरा मान डोलावतो. डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात, प्लास्टर घालतात, वेदनाशामक गोळ्या लिहून देतात. केसपेपरवर ‘पडल्यामुळे दुखापत’ अशी नोंद होते आणि बाई ज्याच्यासोबत आली त्याच्याचसोबत परत जाते. सरकारी रुग्णालयांत काम करणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. कागदोपत्री उपचार पूर्ण झालेले असतात, पण दुखापतीचे कारण तिच्याबरोबर रिक्षात बसून घरी गेलेले असते.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातल्या विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. याच पाहणीतला दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलेही नाही. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात मात्र येते. स्वतःच्या जखमेसाठी येते, बाळंतपणासाठी येते, मुलाच्या तापासाठी येते. म्हणून हिंसेची चाहूल सर्वांत आधी लागू शकते ती आरोग्य यंत्रणेला.

हिंसेचे परिणाम जखमांपुरते राहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये जगभरातील अभ्यास एकत्र करून मांडलेल्या निष्कर्षांनुसार, जोडीदाराची हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या जवळपास दुप्पट असते आणि त्यांची बाळे कमी वजनाची जन्मण्याची शक्यता १६ टक्क्यांनी जास्त असते. गळा दाबण्याचा प्रकार तर विशेष धोक्याचा. मानेवर फारसा वण दिसत नाही, म्हणून तो सहज दुर्लक्षिला जातो. पण ज्या स्त्रीचा गळा पूर्वी दाबला गेला आहे, तिचा पुढे जोडीदाराकडून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक असल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात २००८ मध्ये आढळले. अशा बाईला गोळ्या देऊन घरी पाठवणे हा वैद्यकीय निष्काळजीपणाच ठरतो.

हे ओळखून पहिले पाऊल टाकले ते मुंबई महापालिकेनेच. या शतकाच्या सुरुवातीला वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ या संस्थेच्या साथीने ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. देशातले रुग्णालयात चालणारे असे हे पहिले केंद्र. परिचारिका, डॉक्टर यांना प्रशिक्षण मिळाले. संशयास्पद जखम दिसली की बाईशी एकटीशी बोलायचे, तिच्यावर विश्वास ठेवायचा, समुपदेशकाकडे न्यायचे आणि हिंसेची नोंद कागदावर करायची, अशी ही पद्धत. पुढे राष्ट्रीय आरोग्य अभियानातून ती मुंबईतल्या इतर महापालिका रुग्णालयांतही पोहोचली. घरी जाणे धोक्याचे असेल, तर बाईला एक-दोन दिवस ‘निरीक्षणाखाली’ दाखल करून घेण्याची सोयही ‘दिलासा’ने रुळवली. त्या रात्रीपुरता रुग्णालयाचा पलंग हाच तिचा निवारा होतो.

प्रश्न सुरू होतो तिसऱ्या दिवशी. केंद्र सरकारच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा मिळतो, तो जास्तीत जास्त पाच दिवस. आता दुसरी बाजू पाहा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ नुसार दंडाधिकाऱ्यांनी अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा आहे. म्हणजे सगळे अगदी नियमाबरहुकूम झाले, तरी पाच आणि साठ यांच्यामध्ये पंचावन्न दिवसांची दरी उरते. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि दरी रुंदावते. हेच दिवस सर्वांत धोक्याचे असतात, कारण बाईने घर सोडले की हिंसा करणाऱ्याचा राग अनेकदा वाढतो. माहेरी थारा नसेल, हातात पैसा नसेल, तर ती त्याच घरात परत जाते. मग आजूबाजूचे म्हणतात, ‘बघा, गेलीच ना शेवटी!’

दीर्घकाळ राहण्यासाठी राज्याची महिला वसतिगृहे आहेत, केंद्राच्या योजनेतील ‘शक्ती सदन’ आहेत. पण ती शहराच्या दुसऱ्या टोकाला किंवा जिल्ह्याच्या गावी असली, तर धुणीभांडी करणाऱ्या, कारखान्यात जाणाऱ्या बाईचे काम सुटते, मुलांची शाळा सुटते. मुलगा ठरावीक वयापेक्षा मोठा असेल तर त्याला आईबरोबर राहता येत नाही. बाई मानसिक आजारावर औषधे घेत असेल तर प्रवेशाला आडकाठी येते. मुलाला मागे ठेवून बाहेर पडा, असे सांगणारा निवारा कोणती आई स्वीकारेल?

निवारा हे राज्याच्या महिला व बालविकास विभागाचे काम आहे, महापालिकेने त्यात का पडावे, असा आक्षेप घेतला जातो. पण सार्वजनिक आरोग्य हे घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे दिलेल्या विषयांपैकी एक आहे. रुग्णालये महापालिकेची, शाळा महापालिकेच्या, महिला व बालकल्याण समितीही महापालिकेची. रुग्णालयात ओळखलेल्या रुग्णाला सुरक्षित जागा देणे हा उपचाराचाच पुढचा टप्पा आहे. क्षयरोग्याला औषधाची पहिली मात्रा देऊन ‘आता तुमचे तुम्ही बघा’ असे कोणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा आहे: घर बाईनेच का सोडावे? तिने सोडू नये, हेच बरोबर. कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे आणि दंडाधिकारी हिंसा करणाऱ्यालाच घराबाहेर जाण्याचा आदेश देऊ शकतात. पण तो आदेश हातात पडेपर्यंत तिचा जीव वाचायला हवा. निवारा त्या मधल्या काळासाठी आहे. हक्काच्या घराची जागा तो घेऊ शकत नाही.

महापालिकांनी करायचे ते अवाढव्य नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयाशी जोडलेल्या थोड्या खोल्या, जिथे बाई मुलांसह, मुलगा मोठा असला तरीही, किमान दोन-तीन महिने राहू शकेल. तिथून कामावर आणि शाळेत जाता येईल इतके जवळचे ठिकाण. पत्ता गुप्त राखण्याची शिस्त, रात्रपाळीला एक जबाबदार कर्मचारी आणि कंत्राट संपले म्हणून मध्येच गायब होणार नाही असा समुपदेशक. यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष हवे. महिला व बालकल्याणाचा निधी शिलाई यंत्रे आणि प्रशिक्षण वर्ग यांवर दरवर्षी खर्च होतोच. त्यातला एक वाटा या खोल्यांकडे वळवता येईल.

अपघात विभागातल्या डॉक्टरांनी ‘घरी सुरक्षित वाटते का?’ असे विचारावे, ही अपेक्षा आता रास्त आहे. पण बाईने ‘नाही’ असे उत्तर दिले, तर तिला सांगायला डॉक्टरांजवळ एक पत्ता असायला हवा. तो पत्ता देण्याची जबाबदारी महापालिकेची आहे.