किराण्याच्या यादीत शाळेचं नाव लिहा

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी किराण्याची यादी होते. तूरडाळ, शेंगदाणे, गोडेतेल, पोहे, साबण. या यादीत आता आणखी एक ओळ लिहा: शाळेसाठी. कुठली शाळा? तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशी जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा. तुमचं मूल तिथं नसेल. पण तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं आहे, दुकानात पोती उतरवणाऱ्या हमालाचं आहे, तोडणीवरून परतलेल्या ऊसतोड कुटुंबाचं आहे. त्या मुलांशी तुमचं काहीच नातं नाही, असं म्हणवेल तुम्हाला?

महाराष्ट्राला हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा पाठीशी पैशांची मोठी थैली नव्हती. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवणारं वसतिगृह चालवायचं, तर रोजची चूल पेटती ठेवावी लागे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यापायी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आणि गावोगावच्या बायकांनी घरच्या धान्यातली एकेक मूठ बाजूला काढून ठेवली. मुष्टिफंड म्हणत त्याला. ज्यांनी स्वतः कधी पाटी धरली नव्हती, त्या बायांनी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं. त्यांच्या घरात आपल्यापेक्षा जास्त धान्य होतं का?

व्यापारी बंधूंनो, तुमच्याकडे तर याहून जुनी रीत आहे. बाजारपेठेत व्यवहारामागे थोडी रक्कम धर्मादाय म्हणून काढायची वहिवाट पूर्वापार आहे. त्यातून कुठं पाणपोई झाली, कुठं धर्मशाळा. आपल्या राज्याच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं 54 वं कलम याच पैशाबद्दल आहे. असा पैसा गोळा करणारा त्याचा मालक नसतो, विश्वस्त असतो, आणि त्यानं वर्षाचा हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यायचा असतो, असं ते सांगतं. ती वहिवाट शाळेकडे वळवा, हिशेबासकट.

करायचं ते सोपं आहे. गल्ल्याशेजारी एक वही ठेवा, वर शाळेचं नाव घाला. 487 रुपयांचं बिल झालं आणि गिऱ्हाइकानं आपणहून 500 दिले, तर वरचे 13 रुपये वहीत मांडा. सुट्ट्या पैशांऐवजी हातावर गोळ्या टेकवण्यापेक्षा हे किती चांगलं! कुणी अर्धा किलो डाळ देईल, कुणी दोन वह्या. महिनाअखेरीला जमलेल्या पैशातून शाळेला लागेल तेच सामान खरेदी भावानं भरा, मुख्याध्यापकांची पोच घ्या आणि हिशेब दुकानाबाहेर लावा. कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. काय हवं ते तिला विचारा. आपल्या दुकानात पडून राहिलेला माल शाळेच्या गळ्यात मारू नका.

काय लागतं तिथं? पोषण आहाराचा तांदूळ सरकार देतं, पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150. पण घट्ट वरणाला डाळ लागते, फोडणीला तेल लागतं, आणि बाजारात भाव चढले की पहिलं पातळ होतं ते वरणच. शेंगदाणे-गूळ द्या, केळी द्या. हात धुवायला साबण, संडासाला फिनेल, खराटे, मुलींसाठी सॅनिटरी पॅड द्या. शेवटच्या वस्तूसाठी कुणी वर्गणी मागत नाही, म्हणून ती आधी द्या. घरात वाढदिवस असेल, वडिलांचं वर्षश्राद्ध असेल, त्या दिवशी शाळेत पंगत घाला. पोषण आहार योजनेत तिथी भोजनाची तशी सोयच आहे.

अमेरिकेत जनरल मिल्स कंपनीनं 1996 पासून पाकिटावरच्या एका तुकड्यामागे शाळेला 10 सेंट देण्याची योजना चालवली. शाळांना पैसे मिळाले, हे खरं. पण मदत व्हावी म्हणून त्याच कंपनीचं पाकीट घ्यावं लागे. आपल्याला ती वाट नको. गिऱ्हाइकानं सुटी ज्वारी घेतली तरी शाळेचा वाटा निघाला पाहिजे. आणि देताना फोटो नको, फलक नको. साबणाची वडी हातात धरून चारचौघांत उभं राहण्याची पाळी कुठल्याही लेकरावर येता कामा नये.

हे सरकारचं काम नाही का, असं कुणी म्हणेल. शिक्षक, वर्गखोल्या, पाणी, संडास हे सरकारचंच काम आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं ते बांधून दिलंय, आणि वर्गणीतून भिंती बांधून सरकारला त्यातून मोकळं करू नये, असं माझं ठाम मत आहे. पण शाळेला पैशांच्या तुटीहून जास्त जाचते ती गावाची पाठ. शिकल्यासवरल्या, खात्यापित्या माणसांनी मुलं दुसरीकडे घातली आणि शाळेच्या फाटकात पाय टाकणं सोडलं. मग गळक्या छताबद्दल पंचायत समितीत आवाज चढवणार कोण? ज्याच्या दुकानातून दर महिन्याला डाळ जाते, तो शाळेत डोकावतो, वरण चाखून बघतो, शिक्षकाच्या रिकाम्या जागेबद्दल विचारतो. शाळांना ही माणसं परत हवी आहेत.

म्हणून उठा. महिला बचत गटांनो, गणेश मंडळांनो, व्यापारी संघांनो, पुढच्या आठवड्यात शाळेत जाऊन यादी आणा. गावातल्या एका तरी दुकानात वही सुरू करा. आणि ज्या दुकानात ती नसेल, तिथं सामान भरताना मालकाला विचारा: "शेठ, शाळेची वही कधी ठेवताय?" ठेवेपर्यंत विचारत राहा.