चार चाके आणि चार पाय

दिवाळीची सुट्टी आणि दारातली मोटार या दोन गोष्टी एकत्र आल्या की त्या घरातली शांतता संपली, असे खुशाल समजावे. ज्याला त्याला कुठेतरी जायचे असते आणि प्रत्येकाचे 'कुठेतरी' वेगळे असते. गेल्या दिवाळीत आमच्या घरात पाच माणसे आणि सहा मते होती. कारण माझी एकट्याचीच दोन होती. चिरंजीवांना जंगल हवे होते, तेही वाघासकट. कन्येला परवाना मिळून वर्ष झाले होते. तिला गाव कोणतेही चालणार होते, रस्ता मात्र वळणावळणाचा हवा होता. सौभाग्यवतींना जुने वाडे आणि देवळे पाहायची होती. आईला शेगावी जायचे होते.

मी म्हणालो, "बुलढाणा."

सगळे माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू मी परीक्षेचा पेपर फुटल्याची बातमी सांगितली आहे. "अहो, पण तिथे आहे काय?" हा प्रश्न अपेक्षितच होता. मुंबई-पुण्याच्या माणसाला महाराष्ट्र म्हणजे कोकण, महाबळेश्वर आणि फार तर वेरूळ-अजिंठा. त्यापलीकडे वऱ्हाड असते, हे आपण आगगाडीच्या वेळापत्रकावरून जाणतो. आई तेवढी म्हणाली, "शेगाव त्याच जिल्ह्यात ना रे? मग झालं तर!" आणि ठराव मंजूर झाला.

या जिल्ह्यातली माणसे आपला मुलूख दोन शब्दांत सांगतात: घाटावर आणि घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे हे दोन मजले केले आहेत. सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, चिखली आणि खुद्द बुलढाणा वरच्या मजल्यावर. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर खालच्या. वर पडलेला पाऊस पैनगंगेच्या वाटेने गोदावरीला मिळतो आणि पूर्वेच्या समुद्राला जातो; उत्तरेच्या उतारावरचा पूर्णेतून तापीला मिळतो आणि पश्चिमेच्या समुद्राला. शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांनी दोन समुद्रांची वाट धरावी, अशी ही जागा. आमच्या घरातल्या मतभेदांना यापेक्षा योग्य ठिकाण सापडले नसते.

आता तिथे जायचे कसे? नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता पुरा झाला. त्यावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे सिंदखेडराजाच्या बाजूने शिरलेला माणूस पाऊण-एक तासात बुलढाणा जिल्हा ओलांडून पलीकडे जातो, आणि आपण काय ओलांडले याची त्याला दाद नसते. निकडीच्या माणसाला तो रस्ता वरदान आहे. पण त्याच रस्त्यावर, याच जिल्ह्यात, १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे झोपेतच गेली. त्यांनाही कुठेतरी वेळेवर पोचायचे होते. आम्हाला वेळेवर पोचायचे असे कुठेच नव्हते. जालन्याहून आम्ही जुना रस्ता धरला.

पहिला मुक्काम सिंदखेडराजा. जिजाबाईंचा जन्म इथला, १५९८ चा. गावातल्या राजवाड्यात १२ जानेवारीला माणसांचा पूर लोटतो; आम्ही गेलो तेव्हा तिथे शाळेच्या चार मुली आणि एक कुत्रे एवढाच दरबार होता. त्यामुळे वाडा नीट पाहता आला. लखुजी जाधवांची समाधी पाहून सौ. किती तरी वेळ काही बोलल्या नाहीत, आणि ही गोष्ट नमूद करून ठेवण्यासारखी आहे. एवढी भव्य समाधी, आणि आत ज्यांची स्मृती, त्यांना १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहाने मुलांसह आणि नातवासह दग्याने मारलेले. ज्या मुलीने बापाचा आणि भावांचा असा शेवट ऐकला, तिने पुढच्याच वर्षी शिवनेरीवर आपल्या मुलाला जन्म दिला. इतिहासाच्या पुस्तकात या दोन घटना दोन वेगळ्या पानांवर असतात. इथे त्या एकाच ओट्यावर बसून आठवतात.

याच मुलखात आणखी एक माणूस जन्मला, आणि मराठीच्या मास्तराने त्याचे नाव घेतले नाही तर पगार हलाल होणार नाही. ते कवी ना. घ. देशपांडे. १९०९ चा जन्म, वकिली मेहकरला, आणि सारे आयुष्य याच मुलखात. त्यांची 'शीळ' गो. ना. जोश्यांनी गायली आणि ग्रामोफोनने ती महाराष्ट्रभर नेली. १९८६ साली 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही कवी मेहकरातच असताना. वर्गात मी दरवर्षी सांगतो, की या कवितेला रानाचा वास आहे. मेहकरला पैनगंगेच्या काठी उभे राहिल्यावर तो वास कुठल्या रानाचा ते कळले. मेहकरला शारंगधर बालाजीचे देऊळही आहे. तिथली १८८८ साली जमिनीतून निघालेली विष्णूची काळीभोर उंच मूर्ती पाहून आई म्हणाली, "इतकी वर्षं मातीत राहून चेहऱ्यावर एवढंसुद्धा रागाचं चिन्ह नाही बघ!"

पण मेहकरच्या आधी लोणार लागते, आणि लोणार पाहून झाल्यावर पुढचे काही वेळ काहीच दिसत नाही.

कल्पना करा, साध्या शेतजमिनीतून गाडी चालली आहे, दोन्ही बाजूंना तूर आणि कपाशी. एकाएकी जमीन संपते. समोर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे वाटोळे विवर, दीडएकशे मीटर खोल, कडांवर झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. आकाशातून आलेला एक धोंडा काळ्या बसाल्टच्या खडकावर आदळला, त्याची ही खूण. पुराणाने सांगितले, की इथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याला मारले. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. हा ज्वालामुखी की उल्कापात, हा वाद नंतर बराच काळ चालला. आणि १९७३ साली आघाताने बदललेल्या खडकांचा पुरावा शास्त्रज्ञांनी मांडला. वय पूर्वी पन्नास हजार वर्षे धरीत. अलीकडच्या मोजणीने ते पावणेसहा लाखांच्या आसपास नेले. लवणासुराचे वय एवढे वाढले तरी पाण्याचा खारटपणा तसाच आहे.

नुसते खारे नव्हे, ते पाणी क्षारयुक्तही आहे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले आणि देशभर गवगवा झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तेव्हा पाणी आटून खारटपणा वाढल्याने रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव माजले होते, असे निघाले. त्याच वर्षी हे सरोवर रामसर यादीत आले.

आई धारेजवळ थांबली. काठावरच गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड पडते. खाली खारे तळे आणि वर ही गोडी! आम्ही चौघे पायऱ्या उतरून तळाशी गेलो. खाली झाडीत मोडकळलेली देवळे आहेत, मोर आहेत, आणि अशी शांतता आहे की चिरंजीवांनी आपण होऊन मोबाईल खिशात टाकला. कमळजादेवीच्या देवळापाशी बसलो असताना मला 'लीळाचरित्र' आठवले. लोणार आणि मेहकर या दोन्ही गावांच्या लीळा त्यात आहेत. मराठीतल्या त्या आद्य गद्यग्रंथातले श्रीचक्रधर या मुलखातून हिंडले ते पायी. पांढऱ्या कागदावर वाचलेली गावे आपल्या पायाखाली आली, की चाळीस वर्षांपूर्वी शाळेत गिरवलेले अक्षर एकदम जिवंत व्हावे तसे होते.

मेहकरहून चिखलीमार्गे बुलढाण्याला आलो. गाव उंचावर असल्याने हवा थंड. इंग्रजांनी जिल्ह्याचे ठाणे इथे का थाटले ते पहाटे अंगावर शाल ओढताना समजते. आणि इथून खामगावला जाणारा बोथ्याचा रस्ता म्हणजे कन्येने मागितलेला तोच, वळणावळणाचा. तो ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे हे रान, साग, सालई, तेंदू, पळस असे कोरड्या मुलखातले. बिबटे आहेत, अस्वले आहेत, भेकर, चिंकारा, आणि वऱ्हाडात ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय. ताडोब्याची ऐट इथे नाही. वनखात्याकडे चौकशी करावी, परवाना काढावा, वाटाड्या बरोबर घ्यावा, आणि दिसेल ते पाहावे.

आमच्या वाटाड्याने चिरंजीवांना जी हकीकत सांगितली, ती वर्तमानपत्रांत येऊन गेली आहे. पण त्या रानात ऐकताना ती वेगळी वाटते. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधला, जूनमध्ये तो घराबाहेर पडला. स्वतःची हद्द शोधायची, जोडीदारीण शोधायची, एवढाच त्याचा हेतू. महाराष्ट्रातून तेलंगणात, तिथून परत. शेते, ओढे, कालवे, गावकुसे, हमरस्ते ओलांडीत डिसेंबरात तो ज्ञानगंगेत पोचला. पुढेही तो हिंडत राहिला. सारे मिळून नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर! बहुतेक चाल रात्रीची. लोकांनी त्याचे नाव ठेवले 'वॉकर'. एवढ्या वस्तीच्या मुलखातून जाताना माणसांशी त्याची कटकट जवळजवळ झालीच नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये पट्टा काढला. ज्ञानगंगेत त्याला सावज मिळाले, पाणी मिळाले. वाघीण मात्र नव्हती. त्याच्यासाठी वाघीण आणावी का, यावर मोठमोठ्या माणसांनी विचार केला.

"मग तो आता कुठे आहे?" चिरंजीवांनी विचारले.

"वाघ का पत्त्यावर रायते, बाप्पा?" वाटाड्या हसला.

परतताना गाडी कन्या चालवीत होती. ऊन कलले होते. एका वळणाअलीकडे तिने गाडी हळू केली आणि थांबवली. रस्त्याच्या कडेला एक रोही उभी होती, तिच्यामागे दुसरी, आणि झाडीत आणखी काही हालत होते. मागून एक मोटार आली. आधी एक भोंगा, मग तीन, मग अखंड. कन्येचे हात चक्रावर घट्ट झाले. मी तिच्या शेजारी होतो. तिची मान एवढीशी माझ्याकडे वळली. काही सांगायला मी तोंड उघडणार, तोच मागून आई म्हणाली, "थांब तू, बाळ. त्यांचं घर आहे. आधी घरच्यांना जाऊ दे."

मागच्या गृहस्थांना एवढा धीर नव्हता. ते बाजूने गाडी घालून वेगाने पुढे गेले. त्याच क्षणी पहिली रोही उसळून रस्त्यावर आली. मधले अंतर हातभर असेल. चाके किंचाळली, जनावर पलीकडे झाडीत गेले, मोटार डगमगून सावरली आणि वळणाआड नाहीशी झाली. मग एकामागून एक पाच रोह्या सावकाश पार झाल्या. शेवटी एक पिल्लू, ते मध्येच थांबून आमच्याकडे पाहून गेले. गाडीत कोणी बोलले नाही. कन्येने दिवे लावले आणि घाट उतरेपर्यंत तिसऱ्यावर गिअर नेला नाही.

घाट उतरला की पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन सुरू होते. खामगाव हे कापसाचे आणि चांदीचे गाव, सौ.नी तिथे एक निरांजन घेतले, त्याची किंमत इथे लिहिण्याची मला परवानगी नाही. तिथून सतरा-अठरा किलोमीटरवर शेगाव. गजानन महाराज १८७८ साली इथे प्रकटले आणि १९१० साली समाधिस्थ झाले. संस्थानची स्वच्छता, सेवेकऱ्यांचे हात जोडून बोलणे, आणि नंतर बाहेर मिळणारी गरम कचोरी, यांचे वर्णन करणाऱ्याने आधी तिथे जाऊन यावे. आईचे डोळे भरले होते. तिने एका सेवेकऱ्याला विचारले, "दादा, पालखी कुठल्या वाटेने येते?" पंढरपूरहून परतताना पालखी सिंदखेडराजा, लोणार, मेहकर करीत खामगावावरून घरी येते, असे त्यांनी सांगितले.

म्हणजे आम्ही चार चाकांवरून ज्या गावांतून आलो, त्याच गावांतून दरवर्षी शेकडो वारकरी पायी येतात. सातशे वर्षांपूर्वी चक्रधर पायी गेले. आणि २०१९ साली एक वाघ चार पायांनी इथवर आला.

मोटारीची मी निंदा करणार नाही. तिच्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या आईला पाच दिवसांत एवढा मुलूख पाहता आला; वाटेल तिथे थांबता आले, आणि स्वतः गाडी चालवण्याचे खरे सुख थांबण्यातच आहे. पण गाडी आपली झाली की रस्ताही आपल्याच नावावर झाला, असे आपल्याला वाटू लागते. ज्या वाटेने वारकरी चालतो, गुरे परततात आणि रात्री वाघ जातो, तिच्यावर आपण घटकाभराचे पाहुणे. पाहुण्याने दार वाजवून, हळू पावलांनी आत यावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

या दिवाळीत ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांनी जरूर घाटावर जावे, घाटाखाली उतरावे. हिवाळा उत्तम, लोणारला दोन रात्री द्याव्यात, बोथ्याचा रस्ता दिवसाउजेडी धरावा. डब्यात लाडू न्यावेत, कचोरीला पोटात जागा ठेवावी. आणि वळणावर कुणी रस्ता ओलांडताना दिसले, तर भोंग्यावरचा हात काढून घ्यावा. दोन मिनिटे उशीर होईल. तेवढा उशीर शेगावला चालतो.