गल्ल्यावरचा जुना मोबाईल

एका ताग्याचे शेवटचे तीन मीटर दोन सेल्समन एकाच क्षणी विकतात, हा घोळ कापडवाल्यांना नवा नाही. लिनक्सच्या गाभ्यात असाच घोळ २००७ पासून होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाने उघडकीस येऊन दुरुस्त झाला. नियम असा की, परक्याने लिहायचे ते मूळ वहीत नव्हे, नकलेवर. पण ऐन लिहिताना दुसरे काम ती नक्कल फेकून देई आणि शाई मूळ वहीवर उमटे! मग नोकरही मालक होई.

अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच. दुरुस्ती निघाली, तरी कित्येक जुन्या फोनांना ती मिळालीच नाही. कोल्हापुरात आपण उधारी अन् यूपीआय त्यावरच ठेवतो. रंग गेला तर गिऱ्हाईक कापड आणून गल्ल्यावर आपटते. फोन कंपन्यांनी हात का झटकावेत? दुरुस्ती कोणत्या सालापर्यंत देणार, ते खोक्यावर छापणे सक्तीचे करा.