पाककर्माची प्रतिष्ठा

"पुढे कोण होणार?" असे विचारले असता तुमच्यापैकी बहुतेक जण डॉक्टर, इंजिनिअर किंवा वकील होण्याची आकांक्षा बोलून दाखवतात. "मी स्वयंपाकी होणार" असे सांगणारा विरळाच. चांगल्या स्वयंपाक्याला आपण थट्टेने 'बल्लवाचार्य' म्हणतो. परंतु विराटाच्या पाकशाळेत बल्लव होऊन राबल्याने भीमाचे भीमपण उणे झाले नव्हते, हे सोयीस्करपणे विसरतो.

गोमंतकातील कितीतरी घरे तारवटींच्या कमाईवर उभी राहिली. त्यांपैकी अनेकांनी आगबोटींच्या भटारखान्यात घाम गाळला आणि त्या पैशावर मुले शिकली. तीच मुले "बाबा बोटीवर असतात" एवढेच सांगतात. ते तेथे रांधतात, हे सांगताना त्यांची जीभ अडखळते. ज्या श्रमांनी आपला पिंड पोसला, त्यांचीच लाज वाटावी, ही विद्येची फलश्रुती म्हणता येईल काय?

या संदर्भात फ्लॉइड कार्डोझ यांचे चरित्र मननीय आहे. १९६० साली मुंबईत एका गोमंतकीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जीवरसायनशास्त्राचा अभ्यास केल्यानंतर त्यांनी प्रयोगशाळेची वाट सोडून पाकशाळेची वाट धरली. मुंबईत व पुढे स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी या विद्येचे रीतसर शिक्षण घेतले. न्यूयॉर्कमधील 'लेस्पिनास' या नामांकित उपाहारगृहात ग्रे कुन्झ यांच्या हाताखाली ते पायरीपायरीने वर चढले. १९९८ साली डॅनी मेयर यांच्या साहाय्याने 'तबला' हे उपाहारगृह सुरू झाले. तेथे अमेरिकेतील मासे, भाज्या आणि भारतीय मसाले यांचा त्यांनी असा काही मेळ घातला, की भारतीय जेवण म्हणजे स्वस्त व तिखट रस्से, हा तेथील अनेकांचा ग्रह पालटू लागला.

२०११ साली 'टॉप शेफ मास्टर्स' या स्पर्धेत त्यांची निवड सर्वश्रेष्ठ ठरली. अंतिम फेरीत त्यांनी परीक्षकांपुढे काय ठेवले असेल? रव्याचा उपमा! सोबत रानअळंबी, कोकम आणि नारळाचा रस. जो पदार्थ पाहून आपण सकाळी नाक मुरडतो, त्याने परदेशात मान मिळवला. बक्षिसाचे एक लाख डॉलर त्यांनी कर्करोगाच्या संशोधनासाठी दिले.

पालक म्हणतील, "प्रत्येक स्वयंपाकी काही कार्डोझ होत नाही." हे म्हणणे रास्त आहे. या व्यवसायात तासन्‌तास आगीपाशी उभे राहावे लागते आणि यशाची शाश्वती नसते. खुद्द 'तबला' २०१० साली बंद पडले. तथापि कार्डोझ खचले नाहीत. उपम्याचा तो विजय त्यानंतरच्या वर्षीचा आहे. पुढे भागीदारांसह त्यांनी मुंबईत २०१५ साली 'बॉम्बे कँटीन' आणि २०१७ साली गोमंतकीय पदार्थांना मानाचे पान देणारे 'ओ पेद्रो' सुरू केले. २५ मार्च २०२० रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, कोविडच्या साथीने त्यांना हिरावून नेले.

माझा आग्रह सर्वांनी स्वयंपाकी व्हावे असा नाही. कोणतेही काम जन्मतः हलके नसते. अज्ञानाने व आळसाने केले म्हणजे ते हलके होते, एवढेच मला सांगावयाचे आहे. आणखी एक गोष्ट मुलांनी विशेष ध्यानात घ्यावी. पांढरी टोपी घातलेल्या पुरुषाने उपमा केला, तेव्हा जगाने त्याला कला म्हटले. तोच उपमा घरी आई रोज करते, तेव्हा आपण तिला दोन शब्दही बोलत नाही. हा न्याय नव्हे.

म्हणून मुलग्यांनीही भात शिजवावा, नारळ खवावा, आपले ताट आपण घासावे. आणि ज्यांचे वडील बोटीवर रांधत असतील, त्यांनी ते ताठ मानेने सांगावे. दुसऱ्याच्या मुखी अन्न घालणाऱ्या हातांना कमीपणा कसला?