शिसव आपले, हात आपले. मग वस्तू परकी कशी?

अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरुड या पट्ट्यातील जुनी कौलारू घरे एकामागून एक रिकामी होत आहेत. नवी पिढी मुंबई-पुण्यास स्थिरावली, वाडी विकली गेली आणि माजघरातील सामान टेम्पोत चढले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने कौले उडवली, तेव्हा उरलेसुरले सामानही भिजून फुगले. त्यात कधी पितळी कोपऱ्यांची शिसवी लेखनपेटी असते, तर कधी पितळेची नक्षी जडवलेले एखादे मेज. 'साहेबाची अडगळ' म्हणून ते मातीमोल किमतीस देऊन टाकण्यात काही स्वाभिमान आहे काय?

या कलेचा प्रवास पाहण्यासारखा आहे. चौदाव्या लुईच्या दरबारी आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) याने कासवाच्या पाठीत पितळ जडवण्याचे काम शिखरास नेले. पुढे इंग्लंडमध्ये १८११ ते १८२० च्या रीजन्सी काळात त्याला बहर आला. पितळेचा पत्रा आणि लाकडाचा पातळ पापुद्रा एकावर एक ठेवून बारीक करवतीने एकदमच नक्षी कापायची व एकाचे तुकडे दुसऱ्यात बसवायचे, ही त्याची रीत. पितळ उठून दिसावे म्हणून लाकूड काळसर हवे. त्यासाठी ब्राझीलप्रमाणे हिंदुस्थानातील शिसवही जहाजांतून जाई. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील आपल्या कारागिरांनी शिसवावर कोरीव काम करून युरोपीय घाटाचे सामान घडवले आणि 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने ते ओळखले गेले. लाकूड आपले, हात आपले. नाव तेवढे साहेबाचे! शिवाय जेवणाच्या पाटावर पितळी फुल्या जडवणाऱ्या समाजाला ही विद्या परकी कशी वाटावी?

प्रश्न साहेबाच्या कौतुकाचा नाही, आपल्या डोळसपणाचा आहे. पितळ दमट हवेने फुगत नाही, लाकूड मात्र फुगते आणि आकसते. म्हणून पावसाळ्यानंतर पट्टी उचलली जाते. तिच्यावर खिळा ठोकणे किंवा चिंच-लिंबाने ती घासणे हा उपाय नव्हे. आम्ल लाकडात मुरते आणि घासण्याने नक्षीच्या रेषा झिजतात. मऊ कोरडे फडके आणि जाणत्या सुताराचा हात, एवढे पुरेसे आहे.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. परंतु घरातल्या घरात होणाऱ्या उपेक्षेवर कायदा काय करणार? विकण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने वस्तूचे छायाचित्र काढावे, ती कोणी व कोठून आणली हे वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावे. गावोगावच्या वाचनालयांनी अशा नोंदी जपाव्यात. वस्तू एक वेळ जाईल. तिच्याबरोबर घराची स्मृतीही जाऊ देणे, हे मात्र खरे दारिद्र्य होय.