बूट आधी, दोर नंतर
डिचोलीहून अकोले तालुक्यातल्या साम्रदची सांदण दरी उतरायला निघालात, तर तयारी पायापासून करा. दरीत उन्हाने तापलेला कातळही आहे आणि सावलीतलं गारढोण पाणीही. म्हणून वॉटरप्रूफ बूट नकोच. आत शिरलेलं पाणी तो बाहेर सोडत नाही. रबरी तळवा, खोल नक्षी आणि अर्धा नंबर मोठा, म्हणजे उतारावर अंगठा आपटत नाही. कोरा बूट चढवून गेलो तेव्हा माझ्या टाचेला पहिल्याच दिवशी रुपयाएवढा फोड आला. (हौस, दुसरं काय!) आता नवा जोड महिनाभर हरवळ्याच्या धबधब्याच्या पायऱ्यांवर मऊ करतो. सुके मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. पावसाळ्यात मात्र बूट कितीही चांगला असला तरी दरीत उतरू नका.